आईच्या कानाखालच्या गाठीचं ऑपरेशन (पॅरोटिड, म्हणजे कानापुढची लाळेची ग्रंथी) : पुण्यातल्या हॉस्पिटलचा रिव्ह्यू, फायदे-धोक्यांसकट

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण काही गोष्टींबद्दल तक्रार आहे आणि ज्या सर्जनने ऑपरेशन केलं त्यांच्याबद्दल मात्र मनापासून चांगलंच लिहायचंय. पुण्यातलं मोठं प्रायव्हेट हॉस्पिटल आहे एवढं पुरे. तसं बघितलं तर हा रिव्ह्यू बिल्डिंगचा नाहीच, त्या ऑपरेशनचा आहे, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा मराठीत धड काही मिळत नव्हतं आणि नातेवाईकांकडून जे ऐकलं त्यातलं अर्धंअधिक घाबरवणारं होतं.

आधी मार्क देऊन टाकते. ऑपरेशनला ५ पैकी ५. आधी बसून समजावून सांगण्याला साडेचार. वॉर्ड आणि सिस्टर्सना ४. डिस्चार्ज, बिलिंग आणि घरी गेल्यावर काय होऊ शकतं हे सांगण्याला २, आणि ते पण जास्तच देतेय असं वाटतं.

आई ६२ची, कराडजवळ गावी असते. डाव्या कानाच्या पाळीखाली सुपारीएवढी गाठ बरीच वर्षं होती, दुखत नाही, ताप नाही, काही नाही, त्यामुळे कुणी फार मनावर घेतलं नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनी एकदा अँटिबायोटिकचा कोर्स दिला, एका काकूंनी गालगुंड म्हणून लेप लावायला सांगितला, दातांच्या डॉक्टरांनी दाढ बघून दाढेचं काही नाही म्हणून परत पाठवलं. मग चुलतभावाच्या लग्नाच्या फोटोत माझ्या लक्षात आलं की तिच्या डाव्या कानातली कुडी तिरकी दिसतेय, म्हणजे गाठीने कानाची पाळीच बाहेर ढकलली होती. पुढे सर्जननी पहिल्या भेटीत हेच सांगितलं, पाळी अशी उचलली गेली की गाठ बहुतेक पॅरोटिडचीच, चरबीची किंवा साधी केसतोडाची नाही. गालगुंड असतं तर ताप आला असता, दुखलं असतं आणि आठ-पंधरा दिवसांत उतरलं असतं, वर्षानुवर्षं तसंच राहिलं नसतं.

थोडी माहिती सांगते, कारण ही कळली की निर्णय घेणं सोपं जातं. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या ३ जोड्या असतात, कानाच्या पुढे-खाली पॅरोटिड, जबड्याखाली सबमँडिब्युलर, जिभेखाली सबलिंग्वल, आणि त्याशिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या आतल्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी. या सगळ्यात मिळून ज्या गाठी होतात त्यातल्या साधारण ८०% पॅरोटिडमध्ये आणि पॅरोटिडमधल्या परत साधारण ८०% साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या. जबड्याखालच्या ग्रंथीत मात्र निम्म्याच्या आसपास कॅन्सरच्या निघतात आणि टाळूवरच्या बारीक ग्रंथींत प्रमाण आणखी वर जातं. ग्रंथी जेवढी लहान तेवढा संशय जास्त, असं सर्जन म्हणाले. त्यामुळे 'लाळेच्या गाठी साध्याच असतात' असं कुणी सरसकट सांगितलं तर आधी कुठल्या ग्रंथीची ते विचारा.

मोबाईलमुळे झालं असं आमच्याकडे तीन-चार जणांनी सांगितलं. तसं सिद्ध झालेलं नाही. किरणोत्सर्गाचा संबंध आहे, हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांमध्ये लाळग्रंथीच्या गाठी जास्त आढळल्या होत्या, आणि वॉर्थिन नावाच्या एका साध्या गाठीचा सिगारेट-बिडीशी पक्का संबंध आहे. आईच्या बाबतीत यातलं काहीच लागू नव्हतं. झाली, एवढंच.

तपासण्यांमध्ये आधी सोनोग्राफी, मग एफएनएसी म्हणजे बारीक सुईने पेशी काढून बघणं, मग एमआरआय. एफएनएसीच्या वेळी घरात मोठा वाद झाला, मामा म्हणे सुई लावली की कॅन्सर पसरतो. हे आम्ही सर्जनना सरळ विचारलं आणि त्यांनी चिडचिड न करता उत्तर दिलं, की एवढ्या बारीक सुईने पसरण्याचा धोका जवळजवळ नाहीच, धोका आहे तो गाठीवर चाकूने कापून तुकडा काढण्यात, पॅरोटिडच्या गाठीला तसं करत नाहीत. रिपोर्टवर 'मिलान कॅटेगरी फोर ए' असं लिहून आलं. २०१८पासून जगभर लाळग्रंथींच्या एफएनएसीचे रिपोर्ट या पद्धतीने देतात, फोर ए म्हणजे साधी गाठ, कॅन्सर निघायची शक्यता ५%च्या आत. पुढे नाव होतं प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा, पॅरोटिडमधली सगळ्यात कॉमन गाठ हीच. एमआरआयमध्ये गाठ ग्रंथीच्या वरच्या भागातच आहे, आतल्या भागात गेलेली नाही असं आलं आणि आम्हाला जरा हायसं वाटलं.

मग साहजिकच प्रश्न आला, साधी आहे तर कापायची कशाला? आईचं तर स्पष्ट मत होतं, "एवढी वर्षं राहिली, आता आणखी किती राहायचंय मला, राहू दे की." याच मुद्द्यावर सर्जननी जेवढा वेळ दिला तेवढा आजपर्यंत कुठल्या डॉक्टरने दिला नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा ही आज साधी असली तरी ती आपोआप विरघळत नाही, गोळीने, लेपाने जात नाही, हळूहळू वाढतच राहते आणि काही जणांत पुढे तिच्यातच कॅन्सर तयार होतो. पहिल्या ५ वर्षांत ही शक्यता दीडेक टक्का धरतात, १५ वर्षांच्या पुढे गेली की १०%च्या आसपास जाते. आणि तो जो कॅन्सर होतो तो बहुतेक वेळा चांगल्यापैकी आक्रमक असतो. दुसरं म्हणजे गाठ जितकी मोठी तितकी चेहऱ्याची नस तिच्यावर ताणली जाते, म्हणजे जे ऑपरेशन आज तुलनेने सोपं आहे तेच थांबून थांबून अवघड करून घ्यायचं. तिसरा फायदा, ज्याकडे लोकांचं लक्ष जात नाही, पूर्ण गाठ पॅथॉलॉजीला गेल्याशिवाय ती नक्की काय आहे हे शंभर टक्के कळत नाही, सुईत जेवढ्या पेशी आल्या तेवढ्याचंच ते उत्तर असतं.

पण घाई नाही हे पण त्यांनीच सांगितलं, उद्याच्या उद्या अ‍ॅडमिट व्हा असला प्रकार नव्हता. पिकं निघाल्यावर केलं तरी चालेल म्हणाले. मला हे फार आवडलं, कारण आधी ज्या ठिकाणी दाखवलं होतं तिथे पहिल्या भेटीतच अ‍ॅडमिशनचा फॉर्म पुढे केला होता. घाई कधी करायची ते पण ऐका. गाठ अचानक भराभर वाढायला लागली, दुखायला लागली, कातडीला चिकटून हलेनाशी झाली, मानेत आणखी गाठी लागल्या, किंवा त्या बाजूचा चेहरा वाकडा झाला तर एक आठवडा पण थांबू नका. साध्या गाठीने चेहऱ्याची नस सहसा मरत नाही, त्यामुळे गाठ आणि वाकडा चेहरा एकत्र दिसले की ते कॅन्सरचं लक्षण धरूनच चालतात.

आता धोके. यातला मोठा धोका एकच आहे आणि बाकीचे त्याच्यापुढे लहान, तो म्हणजे चेहऱ्याची नस, फेशियल नर्व्ह. ती कानामागच्या हाडातून बाहेर येते आणि थेट पॅरोटिडमध्ये शिरते, वहीच्या पानांत मोरपीस ठेवावं तशी ग्रंथीच्या वरच्या आणि आतल्या भागाच्या मधे ती पसरलेली असते, मुख्य ५ फांद्या. कपाळ, डोळा, गाल-वरचा ओठ, खालचा ओठ, मान. सर्जननी ओपीडीच्या केसपेपरच्या मागे हे चित्र काढून दाखवलं आणि आईला विचारलं, "काकू, यातली कुठली फांदी दुखावली तर काय होईल सांगतो, ऐकून घ्या आणि मगच हो म्हणा." कपाळाची गेली तर भुवई उचलत नाही. डोळ्याची गेली तर डोळा पूर्ण मिटत नाही, तो कोरडा पडतो, जखम होऊ शकते, म्हणून ही सगळ्यात सांभाळायची. खालच्या ओठाची गेली तर हसताना तोंड वाकडं, पाणी पिताना कोपऱ्यातून गळतं, आणि ही फांदी बारीक असल्याने तात्पुरती तीच जास्त दुखावते.

आकडे त्यांनी असे सांगितले की तात्पुरती कमजोरी २० ते ४०% लोकांना येते, नस तुटलेली नसते, फक्त ओढाताण झालेली असते, काही आठवडे ते काही महिन्यांत परत येते. कायमची कमजोरी साध्या गाठीच्या पहिल्या ऑपरेशनमध्ये ५%च्या आत, आणि अनुभवी हातात त्याहून कमी. 'पहिल्या' या शब्दावर त्यांनी फार जोर दिला आणि का ते आम्हाला वॉर्डमध्ये कळलं.

शेजारच्या बेडवर बार्शीकडचे एक दादा होते, पस्तिशीचे असतील. त्यांची गाठ काही वर्षांपूर्वी कुणीतरी चरबीची समजून लोकल भूल देऊन दवाखान्यातच काढली होती, वरून चीर, गाठ सोलून बाहेर, पाच टाके, संध्याकाळी घरी. तेव्हा सगळ्यांना वाटलं किती स्वस्तात झालं. पण प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमाची गंमत अशी की तिचं आवरण पातळ असतं, काही ठिकाणी अर्धवट असतं, आणि गाठीची बारीक बोंडं आवरणाच्या बाहेर डोकावत असतात. नुसती सोलून काढली की ती मागे राहतात. पूर्वी सगळीकडे असंच करायचे तेव्हा २० ते ४५% लोकांना गाठ परत यायची, नस शोधून ग्रंथीच्या भागासकट काढायला लागल्यापासून ते प्रमाण काही टक्क्यांवर आलं. या दादांना परत आली ती एक नाही, साबुदाण्याएवढ्या बऱ्याच, आणि आधीच्या जखमेच्या चिकटलेल्या भागात, नसेला लागून. त्यांच्या ऑपरेशनला आईच्या दुप्पट वेळ लागला आणि त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की तुमच्या बाबतीत नसेला कायमचा धक्का बसायची शक्यता चांगलीच जास्त आहे. त्यांची बायको रोज सकाळी त्यांना आरसा दाखवून भुवई उचलायला सांगायची. ते बघून मला तरी पूर्ण पटलं की या गाठीत पहिलंच ऑपरेशन नीट व्हायला हवं, दुसऱ्या वेळी तुमच्या हातात फार काही उरत नाही. कानाखालची गाठ 'इथेच पटकन काढून टाकू' असं कुणी म्हणालं तर हात जोडून उठा तिथून, आणि हेड-नेकचं काम रोज करणारा कान-नाक-घशाचा किंवा कॅन्सरचा सर्जन शोधा.

सर्जनला काय विचारायचं? वर्षाला अशी किती करता, नस आधी शोधून काढता का, माझ्या गाठीला पूर्ण वरचा भाग काढणार की गाठीभोवतीचा थोडाच. हे विचारायला लाजू नका. लहान, हलणाऱ्या, वरवरच्या गाठीला हल्ली कमी भाग काढूनही चालतं, त्यात नसेला त्रास कमी होतो, पण ते करणारा माणूस सरावाचा पाहिजे. नर्व्ह मॉनिटरबद्दल पण विचारा. चेहऱ्याच्या स्नायूंत बारीक सुया लावतात आणि नसेला धक्का लागला की मशीन आवाज करतं, त्यासाठी भूल देणारे डॉक्टर स्नायू सैल करणारं औषध जपून वापरतात. आमच्याकडे वापरलं. पण सर्जन प्रामाणिकपणे म्हणाले की मॉनिटरने तात्पुरती कमजोरी कमी होते असं दिसतं, कायमचीत फार फरक पडतो असं सिद्ध नाही, त्यामुळे मशीन नाही म्हणून चांगला सर्जन सोडू नका आणि मशीन आहे म्हणून कुणाच्याही हातात मान देऊ नका.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नेलं, तीनेक तास आत होती. चीर कानाच्या पुढून सुरू होऊन पाळीच्या खालून मागे वळते आणि मानेच्या घडीत उतरते, आत्ता बघितलं तर कानामागचा भाग केसांत गेलाय आणि मानेवरची रेघ सुरकुतीत मिसळलीये, शोधावी लागते. रिकव्हरीत आम्हाला एकेकाला आत सोडलं. ज्युनिअर डॉक्टर मुलगी आली आणि आईला एकेक करायला लावलं, भुवया वर करा, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा, गाल फुगवा, शिट्टी वाजवा. आई अर्धवट गुंगीत म्हणाली, "बाळा, शिट्टी मला जन्मात आली नाही." ती डॉक्टर हसली आणि म्हणाली नुसता ओठांचा चंबू करा. भुवया झाल्या, डोळे मिटले, वरचे दात दिसले, आणि खालचा ओठ मात्र डावीकडे खाली उतरला नाही, तसाच सपाट राहिला. माझ्या पोटात गोळा आला. सर्जन स्वतः आले, बघितलं आणि सांगितलं की पाचही फांद्या मी डोळ्यांनी बघितल्यात, शेवटी प्रत्येकीला करंट देऊन तपासलंय, शाबूत आहेत, ही परत येणार. आली. पहिले काही आठवडे चहा कपाऐवजी बशीतून पण जमेना, स्ट्रॉने प्यायची, हसायला लाजायची, फोटोला नको म्हणायची. मग हळूहळू सुधारत दोनेक महिन्यांत इतकं सरळ झालं की आता सांगितलं तरी कुणाला कळत नाही.

वॉर्डबद्दल. मानेला नळी लावलेली असते, रक्त आणि पाणी बाहेर यायला, सिस्टर्स त्याचं माप वेळच्या वेळी लिहीत होत्या, कमी झाल्यावर काढली. रात्रीच्या एका सिस्टर तर इतक्या चांगल्या होत्या की आईचा तो डोळा रात्री नीट मिटतोय का हे दोनदा बॅटरी मारून बघून गेल्या, कुणी सांगितलं नसताना. एक मार्क कापला तो जेवणासाठी. आंबट खाल्लं की लाळ सुटते, आणि कापलेल्या ग्रंथीतून ती लाळ जखमेत साठून गाल फुगू शकतो किंवा टाक्यातून गळू शकतो, म्हणून सुरुवातीला लिंबू, चिंच, लोणचं, ताक सगळं बंद सांगितलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेमध्ये उपमा आणि त्यावर लिंबाची फोड! दुपारी टोमॅटो सूप. डाएटवाल्यांना आणि सर्जनच्या टीमला एकमेकांचं माहीतच नाही. आम्ही बाजूला ठेवलं म्हणून बरं, ज्यांच्यासोबत विचारणारं कुणी नाही त्यांनी खाल्लं असतं.

तोंड कोरडं पडेल अशी पण भीती असते लोकांना. एका बाजूची पॅरोटिड, ती पण अर्धी, काढली तर बाकीच्या ग्रंथी काम करतात, आईला काहीच जाणवलं नाही. तोंड कोरडं पडतं ते मुख्यतः रेडिएशन घ्यावं लागलं तर.

आता राग येतो तो भाग. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी 'आज सोडतो' म्हणाले आणि कॅशलेसचं अप्रूव्हल येईपर्यंत रात्र झाली, तोवर बेडचं भाडं चालू. नर्व्ह मॉनिटरच्या सुयांचा चार्ज इन्शुरन्सवाल्यांनी 'कन्झ्युमेबल' म्हणून नाकारला, तो आमच्या खिशातून, आणि ही गोष्ट आधी विचारूनसुद्धा काउंटरवर कुणी नीट सांगितली नव्हती. एकूण बिल दीड लाखाच्या थोडं वर गेलं, ट्विन शेअरिंग रूममध्ये. ज्यांच्याकडे इन्शुरन्स नाही त्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राच्या टेबलावर आपलं नेमकं ऑपरेशन बसतं का ते अ‍ॅडमिशनच्या आधीच लिहून घ्यावं. सरकारी मेडिकल कॉलेजांच्या कान-नाक-घसा विभागात ही ऑपरेशन्स नेहमी होतात, तिथे नंबर लागायला वेळ लागतो, पण साध्या गाठीत थोडा वेळ असतोच आपल्याकडे.

पैशाचं सोडा, मला खरा त्रास झाला तो वेगळ्या गोष्टीचा. डिस्चार्ज कार्ड पूर्ण इंग्रजीत, त्यात गोळ्या, टाके कधी काढायचे, ड्रेसिंग, बस्स. पुढे काय काय होऊ शकतं याची एक ओळ नाही. आईची कानाची पाळी आणि आजूबाजूचा भाग बधिर झाला होता, कारण पाळीला जाणारी संवेदनेची नस याच वाटेत येते आणि बऱ्याचदा कापावी लागते किंवा ताणली जाते. चेहऱ्याच्या हालचालीशी तिचा संबंध नाही, पण रोजच्या जगण्यात ती जाणवते. कुडी घालताना मळसूत्र पाळीत रुतलं तरी आईला कळत नव्हतं, एकदा रक्त आलेलं मी बघितलं तेव्हा तिला कळलं. पुरुषांना दाढी करताना हेच होतं म्हणे. वर्षभरात बधिरपणाचा भाग बराच आक्रसला, थोडा राहिलाय, तिला सवय झाली. हे आधी सांगायला दोन मिनिटं लागली असती.

आणि फ्रेज सिंड्रोम! ऑपरेशननंतर बऱ्याच महिन्यांनी आई जेवताना डाव्या गालावर, कानासमोर, घाम यायला लागला, गाल लाल व्हायचा. तिखट आमटी किंवा कैरीचं लोणचं असलं की पदराने पुसावं लागायचं. आईला वाटलं गाठ परत आली आणि आतून पाणी येतंय. आठ दिवस ती कुणाला बोलली नाही, नीट जेवली नाही. मी फोनवर आवाजावरून ओळखलं आणि मग सगळं बाहेर आलं. हे काय असतं तर लाळ सोडायला सांगणारे बारीक तंतू कापले जातात, परत वाढताना ते चुकून कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन जोडले जातात, त्यामुळे खाल्लं की लाळेऐवजी घाम. लुचिया फ्रे नावाच्या पोलिश महिला डॉक्टरने १९२३मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून ते नाव. म्हणजे शंभर वर्षांपासून माहीत असलेली, या ऑपरेशननंतर नेहमी दिसणारी गोष्ट, धोका काही नाही, बहुतेकांना काही करावंच लागत नाही, जास्त त्रास असेल तर तिथे बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, काही महिने आराम पडतो. फॉलोअपला विचारलं तर सर्जन म्हणाले की कन्सेंटच्या वेळी सांगितलं होतं. सांगितलं असेल, कारण कन्सेंट फॉर्मवर छापलेलं आहे, पण त्या वेळी नसेच्या भीतीने आमच्या कुणाच्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. अशा गोष्टी घरी जाताना, मराठीत, कागदावर द्यायला पाहिजेत, पेशंट शेतावर राहणारी बाई आहे आणि तिला गालावर घाम आला की कॅन्सरच आठवणार. याचे मी मार्क कापले आणि फीडबॅक फॉर्मवर पण हेच लिहिलं.

कानाखाली, जबड्यामागे थोडा खळगा पडलाय, ग्रंथी गेल्याचा. आईला त्याचं काही नाही. तरुण मुलामुलींना वाटू शकतं, त्यांनी आधीच विचारावं, तो भरायचे उपाय त्याच ऑपरेशनमध्ये करता येतात.

सगळ्यांनीच ऑपरेशन करावं असं मी म्हणत नाहीये हां. बाबांच्या मित्रांना अशीच गाठ आहे, त्यांची वॉर्थिनची, वय ऐंशीच्या जवळ, दोनदा अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. वॉर्थिनमध्ये कॅन्सर होणं अगदी क्वचित, त्यामुळे त्यांना सर्जननी ठरावीक काळाने सोनोग्राफी करत राहा म्हणून सांगितलं आणि तेच बरोबर आहे. भुलीचा धोका गाठीच्या धोक्यापेक्षा मोठा असेल तर बघत राहणं हा पण उपचारच.

आणि एफएनएसीत कॅन्सर किंवा संशय आला तर गणित पूर्ण बदलतं. तिथे 'करू की नको' हा प्रश्नच राहत नाही, ऑपरेशन हाच मुख्य उपाय, गरज पडली तर पूर्ण ग्रंथी, मानेतल्या गाठी, आणि रिपोर्टनुसार नंतर रेडिएशन. नस कॅन्सरमध्ये अडकली असेल तर ती काढावी लागते आणि पायातली नस घेऊन जोडतात. अ‍ॅडेनॉइड सिस्टिक नावाचा एक प्रकार नसेच्या कडेकडेने सरकतो आणि बऱ्याच वर्षांनी फुप्फुसात दिसू शकतो, म्हणून त्याचं फॉलोअप लांबलचक असतं. असा रिपोर्ट आला तर परळच्या टाटा हॉस्पिटलसारख्या, किंवा जिथे सर्जन, रेडिएशनवाले आणि पॅथॉलॉजीवाले एकत्र बसून ठरवतात अशाच ठिकाणी जा, जवळ आहे म्हणून कुठेही नको.

आईचा फायनल रिपोर्ट आठवड्याभराने आला, प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमाच, आवरण फुटलेलं नाही, कडा मोकळ्या. ही गाठ परत यायची असली तर १० वर्षांनी पण येऊ शकते म्हणून वर्षातून एकदा हात लावून तपासून घ्यायला जातो. तुम्ही कुठेही ऑपरेशन केलंत तरी रिपोर्टसोबत पॅथॉलॉजीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड मागून घ्या, निदान त्यांचा नंबर तरी लिहून घ्या. पुढे दुसरीकडे दाखवायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच विचारतात, आणि काही वर्षं गेली की हॉस्पिटलकडे ते मिळतीलच असं नसतं.